कॅसेटमधल्या नटाला रुंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, मंडया (गावजत्रा) भरतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. याच हंगामात मंडळांच्या रौप्यमहोत्सवाच्या, जुन्या नटांच्या सत्काराच्या चित्रफिती स्टेजवर दाखवल्या जातात. त्यांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमधली आणि परवा मोबाइलवर घेतलेली दृश्ये एकापाठोपाठ येतात. नवे नीट दिसते. जुन्यात मात्र नट बुटका, गाल फुगलेले आणि भजनातली खंजिरी अंड्यासारखी. ज्याचा सत्कार, त्याचाच चेहरा बिघडलेला. हे थांबावे म्हणून हे पत्र.

जुने चित्र ४:३ मापाचे (रुंदी ४, तर उंची ३), आजचा पडदा १६:९. जुने ओढून पडदाभर केले की रुंदी एक-तृतीयांशाने वाढते, उंची तेवढीच राहते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये दृश्ये जोडायच्या पट्टीवर) ४:३ चित्राची खरी जागा १४४० बाय १०८० आहे. दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल काळे राहतात. राहू द्यावेत.

‘काळ्या पट्ट्या नको’ म्हणून झूम करणारेही पुष्कळ. रुंदी भरायला चित्र १९२० बाय १४४० करावे लागते. म्हणजे वरून १८० आणि खालून १८० रेषा कापल्या जातात, उंचीचा पाव हिस्सा. दंडारीत (आपल्या लोकनाट्य-नाचात) पाव हिस्सा म्हणजे वरून फेटा आणि खालून घुंगरू बांधलेले पाय. पाय दिसत नसतील तर दंडार कशाची दाखवली? शिवाय व्हीएचएसमध्ये (जुन्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटमध्ये) आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. त्याला आणखी फुगवले की चेहऱ्याचा नुसता डाग उरतो.

चूक बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या एका खुणेत असते. पाल पद्धतीचे (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचे) कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरून संगणकात घेतलेले चित्र, ७२० बाय ५७६ असते, पण त्याचे पिक्सेल चौरस नसतात. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फुटेज. तिथे ‘डी१/डीव्ही पाल १.०९४०’ निवडा. मग स्केल (चित्राचा आकार) १८७.५ टक्के, आणि मूळ चित्राच्या डाव्या-उजव्या कडेचे ९-९ पिक्सेल छाटले की बरोबर १४४० उरतात. डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलचे माप क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये आहे. प्रोजेक्ट सेटिंगच्या इमेज स्केलिंगमध्ये ‘स्ट्रेच फ्रेम टू ऑल कॉर्नर्स’ कधीच ठेवू नका, ‘स्केल एंटायर इमेज टू फिट’ ठेवा. व्हीएचएसच्या खालच्या कडेला आठ-दहा रेषांचा थरथरता पट्टा येतो; जुन्या टीव्हीत तो चौकटीमागे दडायचा, आता उघडा पडतो. तोही छाटावा.

उलटी चूकही होते. काही मिनी-डीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमेऱ्यांनी १६:९ चित्र त्याच ७२० पिक्सेलमध्ये दाबून भरलेले असते. त्यात माणसे काठीसारखी उंच-बारीक दिसतात, तिथे १.४५८७ निवडावे. आणि ४:३ मध्येच वर-खाली काळे पट्टे घालून घेतलेले चित्र असेल, तर प्रत्यक्ष चित्र ५७६ पैकी ४३२ रेषांचेच असते. ते २५० टक्के केले की पडदा बरोबर भरतो. नाहीतर चारही बाजूंनी काळे आणि मधे टपाल तिकिटाएवढे चित्र. शंका आली की फ्रेममधली गोल वस्तू शोधा: खंजिरी, रेंगीचे (छोट्या बैलगाडीचे) चाक. तिची आडवी आणि उभी लांबी पट्टी लावून मोजा.

स्केल करण्याआधी डीइंटरलेस करा, म्हणजे एकाआड एक रेषांत विभागलेले चित्र सलग करा. जुन्या चित्राची प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची (एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांची) असते, सेकंदाला ५० फील्ड. आधी मोठे केले तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात आणि मग ते निघत नाहीत. मिनी-डीव्हीत खालचे फील्ड आधी येते, व्हीएचएस संगणकाच्या कॅप्चर कार्डातून घेतली असेल तर वरचे असू शकते. क्रम चुकला की नाचणारा पुढे-मागे हिसके खातो. नवे चित्रण मोबाइलवर ३० नव्हे, २५ फ्रेमने आणि १/५० शटरने घ्यावे. जुन्याशी जुळते, आणि ट्यूबलाइटची लुकलुकही टळते.

रिकाम्या बाजूंना त्याच दृश्याची धूसर प्रत लावायची पद्धत सध्या फार आहे. आम्हाला ती पटत नाही. कॅसेटची प्रत्येक थरथर दोन्ही बाजूंना मोठी होऊन हलते. नुसता गडद, स्थिर रंग बरा. निम्म्याहून जास्त मजकूर जुना असेल तर टाइमलाइनच १४४० बाय १०८० ची करा आणि नव्या दृश्यांच्या बाजू कापा. नव्यात पिक्सेल भरपूर, त्याला ते सोसते. जुने-नवे दर चार सेकंदांनी आलटून-पालटूनही लावू नये. एकेका काळाचा सलग तुकडा ठेवला की डोळ्याला चौकट बदलल्याचे टोचत नाही.

एवढे करूनही शेवटी मंडपात बिघडते. एलईडी वॉल बरेचदा १६:९ नसते. १२ बाय ८ फुटांची असेल, तर १२ फूट रुंदीला चित्राची उंची पावणेसात फूटच येते. ऑपरेटर सवयीने पूर्ण वॉल भरतो आणि मग सगळीच माणसे लांबुळकी होतात. मंडळांनी वॉलचे माप एडिटरला आठवडाभर आधी कळवावे, आणि वर-खाली मिळून सव्वा फूट काळे सोडायला ऑपरेटरला कार्यक्रमाआधीच सांगावे.

आपले,
तालुक्यातील काही व्हिडिओ एडिटर,
जि. गडचिरोली