सांडव्यावर फळ्या ठोकू नका

महोदय,

खासगी मालकीच्या छोट्या धरणावर कुणी बुडाले की चर्चा लाइफ जॅकेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जॅकेट हवेच, त्याविषयी पुढे लिहिले आहे. पण पोहण्यासाठी, होडीसाठी, गळ टाकून बसण्यासाठी पाणी खुले करणारा मालक जे किरकोळ वाटणारे फेरफार करतो, त्यांतले बरेचसे थेट धरणाच्या जिवावर उठणारे असतात. होडी काठाला नीट लागावी म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, फळ्या किंवा वाळूच्या गोण्या रचल्या जातात. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळी बसते. गाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा खरवडून रुंद केला जातो आणि बसायला सावली हवी म्हणून भरावावर, म्हणजे धरणाच्या मातीच्या बांधावर, झाडे लावली जातात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले साउथ फोर्क धरण मासेमारी आणि शिकारीसाठी काढलेल्या एका क्लबच्या मालकीचे होते. तिथे घोडागाड्यांसाठी माथा उतरवला गेला आणि सांडव्यावर मासे अडवणाऱ्या जाळ्या बसल्या. तळातून पाणी सोडणारे नळ पूर्वीच काढून टाकलेले होते, ते पुन्हा बसवले गेले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले आणि २,२०० हून अधिक माणसे गेली. ते धरण सुमारे २२ मीटर उंच होते, त्याला छोटे म्हणता येणार नाही. पण जॉर्जिया राज्यातले केली बार्न्स धरण जेमतेम १२ मीटरचे होते. तेही खासगीच. नोव्हेंबर १९७७ मध्ये ते फुटून ३९ जण दगावले. मे २०१८ मध्ये केनियातील सोलाई येथे खासगी शेतावरचे धरण रात्री फुटले आणि खालच्या वस्तीतील चाळीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण लहान असले तरी त्याच्याखाली राहणाऱ्यांचा धोका लहान नसतो. दोन हेक्टर पसारा आणि सर्वांत खोल जागी पाच मीटर पाणी, एवढ्या तळ्यातही ढोबळ हिशेबाने चार कोटी लिटर पाणी असते. मोठ्या धरणांचे कायदे उंचीची आणि साठ्याची किमान मर्यादा घालून लिहिलेले असतात. त्या मर्यादेखालच्या धरणांकडे बहुधा मालकाखेरीज कुणीच पाहत नाही.

फळ्यांचा हिशेब मुद्दाम मांडतो, कारण ‘फूटभरानं काय होतंय?’ हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. सांडवा १० मीटर रुंद आहे आणि मोठ्या पुरात त्यावरून ६० सेंटिमीटर जाडीचा प्रवाह जाईल असे धरून माथ्याची उंची ठरवली आहे, असे समजा. असा सांडवा सेकंदाला सुमारे ७,९०० लिटर पाणी बाहेर टाकतो. त्यावर ३० सेंटिमीटरची फळी ठोकली की त्याच पूरपातळीला वरून फक्त ३० सेंटिमीटर प्रवाह जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे २,८०० लिटर. जाडी निम्मी झाली, पण क्षमता जवळजवळ दोन तृतीयांशाने घटली. उरलेले पाणी माथ्याकडेच चढणार. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की खालच्या उताराला घळ पडते, ती मागे मागे सरकत माथा कापते आणि काही तासांत खेळ आटोपतो. ‘पूर आला की फळ्या काढू’ असेही म्हणतात. पूर रात्रीही येतो, आणि पाण्याच्या दाबाखाली चेपलेली फळी हाताने निघत नाही.

होडीची सोय करायचीच असेल तर पातळी वाढवण्याऐवजी पिंपांवर तरंगणारा धक्का बांधावा. तो पाण्याबरोबर वर-खाली होतो. तळे खोल करायचे तर धरणापासून दूर, वरच्या टोकाला गाळ काढावा. भरावाच्या पायथ्याशी खणू नये. तिथला चिकणमातीचा थर फोडला की पाणी धरणाखालून वाट काढते. जाळीबद्दल एवढेच, की पुरात पाला आणि फांद्या अडकून तिची भिंत होते. थोडे मासे गेले तर जाऊ द्यावेत.

भरावावर गवत असावे, झाडे नसावीत. झाड मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. वादळात झाड उन्मळले तर भरावाचा मोठा लचकाच तुटतो. आधीच मोठी झालेली झाडे मात्र घाईने मुळासकट उपटू नयेत. ते काम पाणी उतरवून, खड्डे थराथराने ठोकून भरत, जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. माथ्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या तर त्या बुजवून माथा पुन्हा समपातळीत आणावा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणली की मध्ये किती खचले ते लगेच दिसते. पंधरा सेंटिमीटरची खचही पुरेशी असते, कारण पूर चढला की सगळे पाणी नेमके तिथूनच जाते.

मातीचे धरण थोडे पाझरतेच, त्याने घाबरून जायचे कारण नाही. पाहायचे ते दोन गोष्टींकडे: पाझर वाढतोय का आणि तो गढूळ होतोय का. पायथ्याच्या चरात पाणी एका जागी पाडून दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे आणि तळ्याच्या पातळीसह वहीत लिहावे. पातळी तीच असताना वीस सेकंदांची बादली दहा सेकंदांत भरू लागली तर पाझर दुप्पट झाला आहे. गढूळ पाणी याहून वाईट, कारण आतली माती वाहून नळी तयार होत असल्याची ती खूण आहे. ही नळी बऱ्याचदा भरावातून जाणाऱ्या पाइपाच्या कडेने पडते, कारण तिथे माती नीट ठोकली गेलेली नसते. अशा वेळी लोक बाहेरचे तोंड चिखलाने किंवा काँक्रीटने बुजवतात. ते साफ चूक. अडलेले पाणी शेजारून फुटते. तोंडावर आधी जाडी वाळू, मग खडी, मग दगड असा थर टाकावा. पाणी निघून जाते, माती मागे राहते. वाळूच वाहून जाऊ लागली तर आधी दगड टाकून जोर मोडावा आणि मग हे थर द्यावेत. त्याच वेळी तळ्याची पातळी उतरवायला घ्यावी. एरवी मात्र तळे दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा वेगाने रिकामे करू नये. पाणी झपाट्याने उतरले की आतून भिजलेला पाण्याकडचा उतार घसरतो.

माथ्यावरच्या भेगांतही फरक असतो. लांबीच्या दिशेची भेग उतार सरकत असल्याचे सांगते. आडवी, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग जास्त धोक्याची, कारण ती पाण्याची तयार वाट असते. कोरडे पडून तडकलेले धरण पहिल्या मोठ्या पावसात भरत असताना रोज फेरी मारायला हवी.

आता पाण्यात उतरणाऱ्यांविषयी. तळातल्या नळाचे तोंड ही पोहणाऱ्यासाठी सर्वांत घातक जागा. चार मीटर खोलीवर ३० सेंटिमीटर व्यासाचे तोंड उघडे असेल आणि माणसाच्या अंगाने ते झाकले गेले, तर अंगावर सुमारे २८० किलो वजनाइतका दाब येतो. कितीही जणांनी ओढले तरी पाणी थांबवल्याशिवाय तो सुटत नाही, आणि पाणी थांबेपर्यंत उशीर झालेला असतो. झडप उघडी असताना पोहणे बंद, असा नियम हवा. नळाच्या तोंडाभोवती आणि सांडव्यापुढे तरंगत्या पिंपांची दोरी बांधावी. सांडवा वाहू लागला की होड्या बाहेर काढाव्यात. सांडव्याखाली, जिथे पाणी भिंतीवरून सरळ कोसळते, तिथे उथळ दिसणारा फेस फसवा असतो. खाली पडलेले पाणी उलटे फिरून माणसाला भिंतीकडे ओढते, आणि हवा मिसळलेल्या त्या पाण्यात अंग तरंगत नाही.

वरचे पाणी उन्हाने कोमट आणि दोन मीटरखाली बर्फागार, हे साठलेल्या पाण्यात नेहमीचे आहे. सूर मारणाऱ्याला थंडीने दचका बसून श्वास आत ओढला जातो, तोही पाण्याखाली. खोली पातळीप्रमाणे बदलते, म्हणून सूर मारणे कायमचेच बंद ठेवावे. वरच्या टोकाला गाळात पाय रुततात. प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात तर उत्तम पोहणाराही ओल्या उतारावरून बाहेर येऊ शकत नाही. तिथे चारही बाजूंना तळापर्यंत पोहोचणारे गाठी मारलेले दोर किंवा दोरशिड्या हव्यातच. जॅकेट होडीत ठेवायची वस्तू नव्हे, ते अंगावर, पट्टे आवळून हवे. काठावर वीसेक मीटर दोर बांधलेले कडे आणि चार-पाच मीटरचा बांबू नेहमी असावा. बुडणाऱ्याला आधी बांबू द्यायचा, तो पोहोचत नसेल तर दोर फेकायचा. प्रशिक्षण नसताना मागे उडी मारणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नये. आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग तीस वेळा छाती दाबावी आणि दोन श्वास द्यावेत, हे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग असेल किंवा नुकताच मोठा पाऊस होऊन शिवारातले पाणी आत आले असेल, तर माणसांनी आणि गुरांनी लांब राहावे.

मोठमोठ्या फलकांपेक्षा आम्हांला एक कागद महत्त्वाचा वाटतो. धरणाखालच्या प्रत्येक घराचा फोन क्रमांक, कुणी कुणाला कळवायचे, लोकांनी कोणत्या उंचवट्यावर जायचे आणि झडप कोण उघडणार, एवढे त्यावर लिहिलेले असावे. झडप वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून बंद करून पाहावी, नाहीतर गंजलेले चाक नेमके त्या रात्री फिरत नाही. चाकाचा दांडा कुलपात आणि किल्ली मालकाबरोबर दुसऱ्या गावी, अशी अवस्था असेल तर पावसाळ्याआधी दुसरी किल्ली धरणाजवळ राहणाऱ्या कुणाकडे तरी द्यावी.

आपले,
छोट्या धरणांची तपासणी करणारे काही स्थापत्य अभियंते