उसण भरली तर सांगायचं

सातारा,
रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तळघरातल्या वॉशिंग मशीनमधून कपडे काढायला वाकलास आणि कंबरेत उसण भरली, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही ताईकडून. चार मजले कठडा धरून चढलास म्हणे. तुझी आई आधी रडली, मग चिडली आणि आता ओव्याची पुरचुंडी जर्मनीत श्टुटगार्टला कुरिअरने जाते का, ते विचारत बसली आहे.

माझी गोष्ट तुला ठाऊक नाही. १९९१ साली मी महाबळेश्वरच्या गाडीवर होतो. सकाळी डेपोत पाण्याची बादली उचलली आणि वाकलो तसाच राहिलो. दोघांनी धरून घरी आणलं. गल्लीत एक काकू पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना आधी पाय आलेल्या. अशा माणसाचा पाय कंबरेला लागला की उसण उतरते म्हणतात. काकूंनी संकोचत तीनदा पाय लावला. उसण काही उतरली नाही. मग डॉक्टरांनी फळीवर पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं. तेव्हा तसंच सांगायचे. उठलो तेव्हा पाय लटपटत होते, क्लच दाबवेना. रजा शिल्लक नव्हती, ते दिवस बिनपगारी गेले.

तुमच्याकडे याला ‘हेक्सेनशुस’ म्हणतात, चेटकिणीचा बाण, असं ताई सांगत होती. म्हणजे ती चेटकीण आणि आमच्या काकू एकाच गावच्या!

आता मात्र डॉक्टर पडून राहू नका म्हणतात, आणि माझ्या अनुभवाने ते मला पटतं. एक-दोन दिवस फार दुखलं तर आडवा हो, पण अधूनमधून उठून घरातल्या घरात चाल. गरम पाण्याची पिशवी घे. आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेऊ नकोस. तुला पित्ताचा त्रास आहे हे औषधाच्या दुकानात आधी सांग. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपोआप सुटते, त्यामुळे लगेच एमआरआयचा हट्ट धरू नकोस. रात्री-अपरात्री सल्ला लागला तर डॉक्टरांच्या सेवेचा ११६११७ हा फोन नंबर आहेच.

पण बसायची जागा बधिर वाटली, लघवी अडली किंवा नकळत झाली, पायातला जोर गेला, तर सकाळची वाट बघायची नाही. सरळ ११२. अंगात ताप भरला तरी घरी थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरला दाखव.

ऑफिसात लगेच कळव. तुझ्या देशात आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, कायदाच आहे. मग वाकडा होऊन मीटिंगला बसायची हौस कशाला? माझ्यासारखा बिनपगारी थोडाच आहेस?

आणि एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंकडे ठेव. त्यांना त्रास कसा द्यायचा, असं म्हणशील. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांच्या पेट्या तूच वर नेत होतास ना?

आज संध्याकाळी व्हिडिओ कॉल कर. खुर्चीत बसून नको, मोबाइल टेबलावर टेकव आणि खोलीभर चालून दाखव. आई बघेल. मीही बघेन.

तुझे,
बाबा