गच्चीवरची मिरची आणि बियाण्याचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेत जहाल मिरच्यांचे अनेक प्रकार लावण्यासंबंधी आलेला लेख वाचला. लेखिकेचा उत्साह आम्हा ऐरोलीकरांना परका नाही. येथील सिडकोच्या बैठ्या घरांच्या अंगणांत आणि गच्च्यांवर मिरचीचे एकही झाड नसलेले घर शोधावे लागेल. परंतु त्या लेखातील दोन-तीन विधाने आपल्या हवामानाला लागू पडणारी नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्यात आलेलाच नाही. निरनिराळ्या वाणांच्या मिरच्या शेजारी शेजारी लावल्या की त्यांच्या बियांचे पुढे काय होते, हा तो मुद्दा आहे.

आधी हंगामाविषयी. लेखात जूनमध्ये बी पेरण्यास सांगितले आहे. घाटावर, निचऱ्याच्या रानात ते चालते. ठाणे-नवी मुंबईत मात्र वर्षाचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांतच कोसळतो, आणि मिरचीच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच खपत नाही. जुलैच्या झडीत कुंडीतली कोवळी रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात. जी तगतात त्यांची फुले गळतात आणि जी थोडी फळे धरतात त्यांच्यावर खोलगट डाग पडून ती कुजतात. त्यापेक्षा गणपतीच्या सुमारास वळचणीखाली ट्रेमध्ये बी टाकावे, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात रोपे कुंडीत हलवावीत आणि थंडीत फुलोरा येऊ द्यावा, हा क्रम आपल्याकडे अधिक सोयीचा आहे. भूत जोलोकिया, हबानेरो किंवा कॅरोलिना रीपर यांसारख्या मिरच्यांना रुजायलाच दोन-तीन आठवडे आणि कधी महिनाही लागतो, शिवाय त्यांचे फळ पिकायलाही उशीर होतो, म्हणून त्यांचे बी महिनाभर आधी टाकलेले बरे. मार्च संपता संपता दुपारचे तापमान पस्तिशीपुढे गेले की पुन्हा फुलगळ सुरू होते. तेव्हा हिरव्या जाळीची सावली करावी. मिरचीचे झाड एका हंगामात संपत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. पावसापूर्वी छाटून आडोशाला ठेवलेले झाड पुढच्या थंडीत पुन्हा फुटते.

माती, शेणखत आणि निंबोळी पेंड यांविषयी लेखात जे लिहिले आहे ते योग्यच आहे. किडींच्या बाबतीत मात्र ‘पाने आकसली की औषध फवारावे’ एवढ्यावर भागत नाही, कारण आपण ज्याला सरसकट बोकड्या म्हणतो त्यामागे तीन निरनिराळी कारणे असतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून पान लांबट व खरबरीत झाले असेल तर कोळी ही कीड असते. आणि पाने बारीक होऊन, गुच्छासारखी एकत्र येऊन झाडाची वाढच खुंटली असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो, ज्यावर औषध नाही. ते झाड उपटून टाकावे लागते. एक पान तोडून पांढऱ्या कागदावर झटकले आणि भिंगातून पाहिले तर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे फुलकिडे कागदावर पळताना दिसतात. हे न पाहता फवारलेले औषध घरच्या मिरचीसोबत आपल्याच पोटात जाते. तंबाखू मळणाऱ्या मंडळींनी हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये, हेही येथे सांगून ठेवते. तंबाखूवरचा मोझेक विषाणू मिरचीलाही होतो.

‘तिखटपणा बियांमध्ये असतो’ हे लेखातील विधान सर्वत्र ऐकू येते, पण ते बरोबर नाही. मिरची उभी चिरली असता बिया ज्या पांढुरक्या पडद्याला चिकटलेल्या दिसतात, त्या पडद्यात कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य तयार होते. बियांना तिखटपणा लागतो तो त्या पडद्याच्या संगतीने. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध-दही उपयोगी पडते आणि मिरची चिरलेल्या हातांना आधी तेल चोळून मग साबण लावावा लागतो. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे पिकलेल्या लवंगीवर बुलबुल बिनदिक्कत ताव मारतात.

या तिखटपणाचे मोजमाप विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधनिर्मात्याने 1912 मध्ये सुरू केले. मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केल्यावर चाखणाऱ्याला तिखट लागेनासा होतो, तो आकडा म्हणजे त्या मिरचीची स्कोव्हिल मात्रा. आता हे काम यंत्रे करतात. आपल्या ईशान्येकडील भूत जोलोकियाने 2007 मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडून गिनीज बुकात सर्वांत तिखट मिरची म्हणून स्थान मिळवले, 2013 मध्ये अमेरिकेतील कॅरोलिना रीपरने हा मान घेतला, आणि 2023 पासून तो पेपर एक्सकडे आहे, जिची मात्रा 26 लाखांहून अधिक आहे. लेखाचा जवळजवळ निम्मा भाग या आकड्यांनी व्यापला आहे. हौस म्हणून एखादे रीपर लावण्यास माझा विरोध नाही. ते झाड लालभडक सुरकुतलेल्या फळांनी लगडले की दिसतेही देखणे. पण आपल्या स्वयंपाकात त्याचा उपयोग काय, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर फारसे कोणी देत नाही. अर्धे फळ अख्ख्या पातेलेभर कालवणाची चव मारून टाकते आणि उरलेली फळे फ्रीजमध्ये सुकत पडतात.

आता मूळ मुद्दा. मिरचीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे ती स्वतःच्या परागांवर फळ धरते; पण मधमाश्या आणि बारीक किडे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतातच, आणि गच्चीवर हातभर अंतराने ठेवलेल्या कुंड्यांमध्ये हा संकर सहज होतो. लागवडीतल्या मिरच्या एकूण पाच प्रजातींमध्ये मोडतात. त्यांपैकी आपली ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी एवढेच काय, बिनतिखट ढोबळी मिरचीसुद्धा एकाच प्रजातीची, कॅप्सिकम अॅन्युअमची आहे. ‘शेजारी लवंगी लावली म्हणून ढोबळी तिखट झाली’ अशी तक्रार ऐकू येते, तिच्यात तथ्य नाही; ज्या फळाचा गर आपण खातो तो आईच्या झाडाचा असतो आणि परागाने त्याची चव बदलत नाही. बदल होतो तो बियांत. त्या ढोबळीचे बी पुढच्या वर्षी लावले तर, तिखटपणाचा गुण प्रभावी असल्यामुळे, त्या झाडाला तिखट फळे येऊ शकतात, आणि ती ना धड ढोबळी असतात ना धड लवंगी.

पाच-सहा वाणांची मिरची लावणारी हौशी माणसे शेवटी बियांची देवाणघेवाण करतात, आणि खरी गोम तेथे आहे. पाकिटावर ‘संकेश्वरी’ लिहिलेले असते. निघते काहीतरी तिसरेच. बाजारातल्या संकरित रोपांच्या फळांचे बी धरले तर शेजारी काहीही लावलेले नसतानाही पुढची पिढी तशी येत नाही. म्हणून बी राखायचे असेल तर ते देशी, सरळ वाणाचेच राखावे आणि फूल उमलण्यापूर्वी झाकावे. हे काम अवघड नाही. लग्नात किंवा हळदीकुंकवाला वाण देताना ज्या जाळीच्या छोट्या पोटल्या मिळतात, त्या मिटल्या कळ्या असलेल्या डहाळीवर चढवून दोरी हलकेच ओढावी. सकाळी डहाळीला टिचकी मारली की पराग आतल्या आत पडतात. फळ धरल्याचे दिसले की पोटली काढून देठाला रंगीत लोकरीचा धागा बांधावा आणि फक्त धागेवाली फळे झाडावर पूर्ण लाल होऊ देऊन त्यांचे बी सावलीत वाळवावे. एकाच झाडाऐवजी त्या वाणाच्या तीन-चार निरोगी झाडांचे बी एकत्र केले तर वाण अधिक चांगला टिकतो.

ही खटपट कोणत्या मिरचीसाठी करावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडच्या आगरी-कोळी घरांच्या गच्च्यांवर मसाल्याच्या मिरच्या पसरल्या जातात आणि रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागतो. त्या मसाल्यात रंगासाठी ब्याडगी, झणझणीतपणासाठी लवंगी, आणि रंग व तिखट दोन्हींसाठी संकेश्वरी, असे प्रत्येक घराचे प्रमाण ठरलेले असते. ब्याडगीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आपल्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला आणि गोव्याच्या खोला मिरचीलाही ते मिळाले आहे. पण मानांकनाने नाव राखले जाते, बी राखावे लागते कोणाला तरी शेतात किंवा कुंडीत. संकेश्वरीसारखा उशिरा येणारा, कमी उत्पन्न देणारा वाण शेतकऱ्याला परवडत नाही, त्यात त्याचा दोष नाही. आणि बाजारात त्या नावाने दुसरीच लांब मिरची कितीदा गळ्यात मारली जाते, हे वर्षाची बेगमी करणाऱ्या कोणत्याही गृहिणीस विचारावे. गावाकडून सासूबाईंनी किंवा आईने पुरचुंडीत दिलेले गावठी लवंगीचे बी ठाणे-नवी मुंबईतील किती घरांत अजून असेल! उत्पन्नाची चिंता नसलेला घरचा बागाईतदार ते जपू शकतो, व्यापारी शेतकऱ्याने ते जपावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

परदेशी मिरच्यांचे बी ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एक सूचना लेखात यायला हवी होती. परदेशातून टपालाने बी आणण्यासाठी 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते; ‘फक्त दहा बिया’ या सबबीने ते टळत नाही. 2020 मध्ये परदेशातून येणाऱ्या संशयास्पद पाकिटांबाबत केंद्रीय कृषी मंत्रालयाने सावधगिरीची सूचनाही दिली होती. बियांबरोबर रोग येतात आणि ते कोणाच्या एकट्याच्या कुंडीत थांबत नाहीत. याउलट देशी बियांच्या देवाणघेवाणीस कायद्याची आडकाठी नाही: 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने, संरक्षित वाणाचे ब्रँडच्या नावाने विकले जाणारे बी वगळता, बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

यासाठी एक सूचना करावीशी वाटते. ठाणे आणि नवी मुंबई या आपल्या दोन्ही महापालिका झाडे, फुले, फळे आणि भाजीपाल्याची प्रदर्शने भरवत आल्या आहेत. त्यांत मिरचीसाठी एक स्वतंत्र टेबल ठेवावे. त्यावर आकाराला किंवा तिखटाच्या आकड्याला बक्षीस न देता, झाकून धरलेल्या बियांच्या पाकिटांना स्थान द्यावे, आणि प्रत्येक पाकिटावर वाणाचे नाव, बी मूळ कोणत्या गावाहून आले, कोणत्या वर्षी धरले आणि फूल झाकले होते की नाही, एवढी माहिती लिहिणे आवश्यक करावे. फूल झाकले नसल्यास तसे लिहावे. ते बी फुकट जात नाही, फक्त घेणाऱ्याला कल्पना असावी. कृषी विद्यापीठातील जाणकारांनी त्या दिवशी तासभर येऊन फुले झाकण्याचे प्रात्यक्षिक दाखवले तर ते भाषणांपेक्षा उपयोगी ठरेल. प्रदर्शन थंडीच्या अखेरीस भरले तर ऑक्टोबरात लावलेल्या झाडांवर तेव्हा लाल फळे असतात, त्यामुळे बियांच्या पाकिटाशेजारी त्याच झाडाची फळभरली डहाळी ठेवता येईल आणि नावाप्रमाणे वाण आहे की नाही, हे घेणाऱ्याला तेथल्या तेथे पाहता येईल.

आपल्या पुरवणीने ऑगस्टच्या आरंभी वाचकांकडून अशा गावठी मिरच्यांची नावे आणि त्यांची गावे मागवून छापली, तर गणपतीच्या सुमारास पेरणी करणाऱ्यांना बी कोणाकडे मागायचे ते वेळेवर कळेल.

आपली नम्र,
एक वाचक
ऐरोली, नवी मुंबई