येझदी उभी करणाऱ्या हातांना

आमच्या आर्वी तालुक्यातली येझदी रोडकिंग मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आली, ती तुम्हा सगळ्यांमुळे. ती बनवणारा मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. त्यामुळे सुटं सामान मिळालं ते माणसांकडूनच.

हिंगणघाटच्या भंगारवाल्या चाचा, क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, तुम्ही बारदान्यात गुंडाळून माझ्यासाठी जपून ठेवलीत. लेथवाल्या भाऊ, सिलिंडर बोर केल्यावर तुम्ही पिस्टन रिंगांविना आत सोडून दाखवलात. अलगद, एकसारखा खाली सरकला, कुठंच अडला नाही अन् डुगडुगलाही नाही. असं काम पाहायला मिळणं हेच मोठं. टाकी राजदूत मोटारसायकलची, ती चेसीसवर बसवायला वेल्डिंगवाल्या पोरांनी भर उन्हात पट्ट्या वाकवल्या.

आणि एसटीतून रिटायर झालेले काका! येझदीत किक आणि गियरचा दांडा एकच, त्याचे झिजलेले दाते तुम्हीच ओळखलेत. ठिणगीचे पॉइंट घासून तिचं टायमिंगही तुम्हीच लावलंत, पैसे मात्र घेतले नाहीत. बाकी, कागदपत्रांसाठी धावणाऱ्या मित्रांनाही मनापासून धन्यवाद.

नावं नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. काका, पोळ्याला या, पहिली लांबची फेरी तुम्हीच मारायची.