शेवंतीचा दोष माझा

पुणे, १४ ऑक्टोबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शेवंतीचा दोष माझा. फोनवर तू रडवेली झालीस तेव्हाच हे म्हणायला हवं होतं, पण मागे कुकरच्या शिट्ट्या आणि बाबांचं "काय झालं, काय झालं" यात राहूनच गेलं. दसऱ्याला घरमालकिणीकडे रिकाम्या हातांनी जाऊ नकोस, चार फुलं ने, हे मीच सांगितलं होतं. आपट्याची पानं तिथे हंगेरीत कुठली, झेंडूही दिसला नाही, म्हणून तू दहा पिवळ्या शेवंत्या घेतल्यास. आणि दार उघडताच घरमालकीणबाईंचा, तुझ्या नेनींचा, चेहरा उतरला.

आता कळलं ते असं. तिकडे शेवंती म्हणजे थडग्यावर वाहायचं फूल. १ नोव्हेंबरला माणसं आपापल्या गेलेल्यांकडे जातात, मेणबत्त्या लावतात, शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. त्यासाठीच ऑक्टोबरात दुकानं शेवंतीने भरलेली. त्यात तू नेलीस दहा! जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम संख्येत. सम संख्या मेलेल्यांची. आपण अहेराच्या पाकिटात शंभरावर एक ठेवतो ना, तसलंच काहीतरी. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपण त्या बाईंचं श्राद्ध घालून आलो. तुझ्याशी बोलून झाल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते, हे आता कबूल करते.

पण नेनी तेव्हा जे म्हणाल्या ते तू ऐकलंस तसं लिहून पाठवलंस, "टोब्ब इश वेसेत्त मोहाचनाल", ते काही मला स्वस्थ बसू देईना. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईपुढे असं वाक्य टाकल्यावर तिला झोप कशी लागायची? शोधलं. अर्थ असा: मोहाचला याहून जास्त गेलं होतं. २९ ऑगस्ट १५२६ ला मोहाचच्या मैदानात तुर्कांच्या सुलतान सुलेमानने हंगेरीच्या फौजेचा धुव्वा उडवला. वीस वर्षांचा राजा लायोश पळताना ओढ्यात बुडून मेला. पुढे काही वर्षांत देशाचे तीन तुकडे झाले.

म्हणजे त्यांचं पानिपतच की गं. फक्त आपण काय करतो? लग्नात जिलबी कमी पडली तरी "पानिपत झालं" म्हणतो. ते उलट करतात. कप फुटला, बस चुकली, कोणी चुकीची फुलं आणली, की म्हणतात, जाऊ दे, मोहाचला याहून जास्त गेलं. मला त्यांची रीत आवडली. काल दूध उतू गेलं तेव्हा मी बाबांना म्हणाले, "पानिपतावर याहून जास्त सांडलं." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ओटा पुसायला घेतला.

तेव्हा नेनी रागावल्या नव्हत्या. समजूत काढत होत्या तुझी.

बिअरचे पेले एकमेकांवर आपटायचे नाहीत, हेही तू सांगितलंस. ६ ऑक्टोबर १८४९ ला अराद इथे हंगेरीच्या तेरा सेनानींना मारलं तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी म्हणे बिअरचे पेले किणकिणवले. मग हंगेरियनांनी दीडशे वर्षं तसं न करण्याची शपथ घेतली. दंतकथाच असावी. शपथेची मुदत १९९९ मध्ये संपली, तरी काही जण अजून पाळतात. हे ज्ञान तुला नेमकं कुठे बसून मिळालं, ते मी विचारत नाही.

भाषा डोक्यात शिरत नाही म्हणतेस. अगं, तू विभक्ती प्रत्यय घोकलेली पोर! घर म्हणजे हाझ, घरात म्हणजे हाझबान. शब्दाच्या मागे प्रत्यय चिकटला, झालं. तुझ्या वर्गातल्या जर्मन मुलीला जड जाईल ते. तुला का जावं? आडनावही आधी, आपल्या हजेरीपटासारखं. भाषा तशी आपल्या कुळातली नाही, फिनिशची लांबची बहीण. पण पूर्वी भटकत असताना त्यांनी इराणी लोकांकडून बरंच उचललं आहे. हजारला एझेर. आणि गाईला तेहेन, तो म्हणे आपल्या धेनूच्याच गोतातला! हे वाचून मी आजीला हाक मारली.

आजीचं मात्र एकच टुमणं, "नदी घरापासून किती लांब आहे?" पानशेतचं पाणी तिने १२ जुलै १९६१ ला डोळ्यांनी पाहिलंय. तिला सांगितलं की तुझं सेगेद गावही असंच वाहून गेलं होतं, १२ मार्च १८७९ ला तिसा नदीत, आणि उभी राहिली ती जेमतेम काहीशे घरं. गाव पुन्हा बांधताना बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याच्या तुकड्यांना मदत करणाऱ्या शहरांची नावं दिली: रोम, पॅरिस, लंडन, बर्लिन, व्हिएन्ना. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आपल्याकडे धरणावर वाळूची पोती रचणाऱ्या जवानांच्या नावाचा रस्ता कुठाय?" मला उत्तर सुचलं नाही.

खाण्याचं थोडक्यात. बाबांना सेगेदच्या हालासलेची कृती हवी आहे. माशाच्या सारात कोकम नाही हे त्या मालवणी माणसाला पटतच नाही. पाप्रिका घालताना पातेलं आधी विस्तवावरून उतरवायचं, नाहीतर ती जळून कडू होते, असं वाचलं. आपल्या फोडणीतल्या तिखटाचं तेच. ती आपल्या ब्याडगीसारखी रंगालाच जास्त का, एवढं चाखून कळव. चकली आणि अनारसे पाठवले आहेत. नेनींना दे, मोजून विषम दे.

आणि १ नोव्हेंबरला त्यांनी तुला नवऱ्याच्या थडग्यापाशी सोबत बोलावलंय, तर जाऊ की नको, असं काय विचारतेस? जा. गरम कपडे घालून जा. तिथे फार बोलावं लागणार नाही, तुझी हंगेरियन पुरेल. वाटेत फुलं घे. या वेळी शेवंतीच घे.

तुझी,
आई

ता. क. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं तासभर मागे जातील, म्हणजे आपल्यात साडेचार तासांचं अंतर. रात्रीचा फोन एक तास लवकर कर, आजी जागी राहत नाही.