इंदोऱ्याच्या व्याख्यानानंतर

नागपूर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

संगणकशास्त्रातील नोकरी सोडून तू निसर्गोपचाराच्या प्रचाराला वाहून घेतलेस, त्याला आता दीड वर्ष होईल. मी तेव्हा तुला अडवले नाही आणि आजही अडवत नाही, कारण पोटापाण्याचा मार्ग ज्याचा त्याने निवडावा असे तुझे बाबा म्हणत आणि मलाही तेच पटते. परंतु गव्हांकुराच्या रसाने आणि आहाराच्या पथ्याने सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मुळापासून बरा होतो, असे तू इंदोऱ्यातील व्याख्यानात सांगितलेस, हे कळल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

तीस वर्षे मी प्रयोगशाळेत याच आजाराच्या चाचण्या केल्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया लेकरांना मांडीवर घेऊन रांगेत बसलेल्या असत. रक्ताचा थेंब सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात मिसळून काच झाकून ठेवली, की काही वेळाने गोल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसत. ते दृश्य हजारदा पाहूनही मला कधी सवयीचे झाले नाही. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि तेवढ्यावरून माणसाचे सारे आयुष्य दुखण्यात जाते. आज्ञावलीतील एका चुकलेल्या चिन्हापायी रात्ररात्र जागलेल्या तुला हे मी काय समजावू? ते अक्षर रसाने बदलत नाही.

गुण आल्याचे तुला सांगणारे लोक खोटे बोलतात, असे मी मुळीच म्हणत नाही. पण या आजाराची रीतच अशी आहे, की थंडीत, तापात किंवा आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले म्हणजे क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, येतो आणि पुष्कळदा काही दिवसांत आपोआप ओसरतो. माणूस तुझ्याकडे येतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. मग त्याला रस दिला काय आणि साधे पाणी दिले काय, पुढचे दिवस आधीपेक्षा बरे जाण्याचीच शक्यता अधिक असते. नोकरीत असताना तूच मला जेवताना सांगायचास, की नवी आज्ञावली अर्ध्या लोकांना द्यायची, उरलेल्यांना जुनीच ठेवायची आणि दोहोंतला फरक पाहिल्यावाचून ती चांगली ठरली असे म्हणायचे नाही. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाची पारख अशीच झाली. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात 299 प्रौढ रुग्णांपैकी काहींना ते औषध आणि काहींना हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या पोकळ गोळ्या दिल्या होत्या. औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण 2.5 क्रायसिस आले, इतरांना 4.5. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांनाही मधून मधून बरे वाटलेच असेल, पण मोजदाद ठेवली म्हणून खरा फरक उघड झाला.

वनस्पतींशी माझे वैर नाही. चीनच्या तू योयो यांनी जुन्या ग्रंथातील नोंदीवरून एका वनस्पतीतून हिवतापावरचे औषध काढले. त्यासाठी त्यांनी अर्क काढण्याची रीत बदलली, आधी प्राण्यांवर तपासले, मग स्वतः घेऊन पाहिले, आणि 2015 साली त्यांना नोबेल मिळाले. गव्हांकुराबद्दल तुला खरोखर काही सापडले असे वाटत असेल, तर त्याच वाटेने जा. तुझ्याइतकी आकडेमोड त्या क्षेत्रात किती जणांना येत असेल?

आता लिहायला जड जाणारी गोष्ट. आपल्या गल्लीतील नऊ वर्षांची मुलगी, जिचा एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्याची खूण, मीच इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या चाचणीत पाहिला होता, तिच्या आईने तुझे व्याख्यान ऐकून तिच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात पोरगी गुडघे पोटाशी घेऊन रात्रभर कण्हत होती. मी तिला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासून औषध पुन्हा सुरू केले. ती आई मात्र अजून कॅप्सूलचा डबा हातात घेऊन मला विचारते, की दादांनी तर नको म्हटले होते ना? माझ्या तीस वर्षांपेक्षा तिचा तुझ्या शब्दावर अधिक विश्वास आहे. या रविवारी ये, आणि तिच्या घरी बसून, मुलीच्या देखत, तूच तिला सांग.

तुझी,
आई