सांगलीला पुराचा अंदाज गल्लीनिहाय हवा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

पावसाळ्यात सांगलीकरांच्या तोंडी दोनच आकडे असतात : कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी येथे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. परंतु पुलाजवळ ५० फूट पाणी असताना आपल्या दारात ते किती असेल आणि केव्हा पोहोचेल, हे सूर्यवंशी प्लॉटमधील किंवा दत्तनगरमधील रहिवासी आजही भिंतीवरच्या जुन्या खुणेवरूनच ताडतो. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या घरात गेले होते. ती खूण कमाल समजून ज्यांनी माल माळ्यावर चढवला, त्यांना ऑगस्ट २०१९ मध्ये साडेसत्तावन्न फुटांनी गाठले.

म्हणून सांगली, सांगलवाडी, हरिपूर आणि वरच्या बाजूच्या भिलवडी-ब्रह्मनाळपर्यंतच्या गावांसाठी पुराचे संगणकीय मॉडेल उभारावे, अशी माझी मागणी आहे. त्यासाठीचे सॉफ्टवेअर महाग नाही; अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे ‘हेक-रास’ तर मोफत मिळते. खरा खर्च आहे तो मोजणीचा. उपग्रहावरून मोफत मिळणाऱ्या जमिनीच्या उंचीच्या आकडेवारीत एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. त्यात भरावावरचा रस्ता, पुलाचा जोडरस्ता किंवा नाल्याचे तोंड दिसतच नाही, आणि सांगलीत पाणी नेमके याच गोष्टींमुळे अडते किंवा आत शिरते. शहरातील शेरी नाल्यातून नदीचे पाणी उलटे चढते, हे दाखवू न शकणारे मॉडेल आमच्या काय उपयोगाचे? तेव्हा नदीपात्राचे आडवे छेद (तळाची खोली-रुंदी) होडीतून नव्याने घ्यावेत आणि पूरपट्ट्याची उंची विमानातून लिडारने, म्हणजे लेसर किरणांनी, मोजावी. (निविदेत संगणक आणि परवान्यांची रक्कम ठळक आणि मोजणीची किरकोळ दिसली, तर तेथेच शंका घ्यावी.)

दुसरा मुद्दा मॉडेलच्या खालच्या, म्हणजे नदी जिकडे वाहत जाते त्या टोकाचा. चिपळूणसारख्या खाडीकाठच्या शहराचे मॉडेल करताना त्या टोकाला भरती-ओहोटीची पातळी द्यावी लागते. सांगलीला समुद्र नसला तरी हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि या दोन्ही नद्या तुडुंब असल्या की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे चढतो. त्यामुळे तेवढ्याच विसर्गाला एके वर्षी घाट बुडतो आणि दुसऱ्या वर्षी बाजारपेठ. मॉडेल आयर्विन पुलाशी संपवले, तर हे सारे त्यातून निसटेल. ते किमान राजापूर बंधाऱ्याच्या खालपर्यंत न्यावे आणि अर्जुनवाड व कुरुंदवाड येथील केंद्रीय जल आयोगाच्या नोंदी त्यात वापराव्यात. कर्नाटकाशी बोलून ते तेथील हिप्परगी बंधाऱ्याच्याही पुढे नेता आले, तर अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून दरवर्षी रंगणाऱ्या वादालाही काही मोजलेला आधार मिळेल.

मॉडेल २०१९ च्या पुरावर जुळवून घ्यावे आणि मग त्यात काहीही न बदलता २०२१ च्या पुरावर तपासावे. त्यासाठी भिंतींवरच्या खुणांची समुद्रसपाटीपासूनची उंची आताच नोंदवून ठेवायला हवी, कारण दर दिवाळीच्या रंगकामात त्यातल्या काही पुसल्या जात आहेत. हे काम वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून एका हिवाळ्यात होऊ शकेल.

मॉडेलच्या मूळ फायली सल्लागाराकडे न राहता विभागाच्या मालकीच्या असाव्यात आणि ते चालवणारे अभियंते किमान काही वर्षे बदलीतून वगळावेत. आयर्विन पुलाजवळच्या ४० ते ६० फुटांपर्यंतच्या प्रत्येक फुटाला कोणती गल्ली बुडते, याचे नकाशे प्रत्येक प्रभाग कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लावावेत. ते कोणत्या वर्षाच्या ३१ मेपर्यंत लागतील, हे विभागाने लेखी कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अभियंता
गावभाग, सांगली